दोन कचेऱ्यांचा मुतर्जिम

औरंगाबादच्या कोर्टात मी मुतर्जिम होतो. मुतर्जिम म्हणजे भाषांतर करणारा. माझी शाळा उर्दूची आणि घर मराठीचं, त्यामुळं दोन्ही लिप्या लहानपणापासून हाताखालच्या. पोलीस ॲक्शन झाली, निजामाचं राज्य गेलं, पुढं काही वर्षांनी मराठवाडा मुंबई राज्यात आला आणि आमच्या कोर्टात पुण्याकडचे न्यायाधीश येऊ लागले. कायदा त्यांना तोंडपाठ, पण उर्दूचं अक्षर कळत नसे. इकडं जमिनी, विहिरी, वाटण्या, इनामं, सगळं उर्दूत लिहिलेलं. असा कागद दाव्यात आला की तो माझ्या टेबलावर यायचा, मी मराठीत उतरवायचो, खाली सही करायचो, आणि मग कोर्ट तो वाचायचं.

माझं टेबल दप्तरखान्याच्या दाराआड होतं. दार उघडलं की मी दिसत नसे. मी लिहिलेली वाक्यं निकालपत्रात जशीच्या तशी उतरायची, वकील ती मोठ्यानं वाचून भांडायचे; पण ती कुणी लिहिली हे विचारायला कधी कुणी त्या दाराआड डोकावलं नाही. मी तिशी ओलांडलेला होतो. सगळ्यांनी ओळखावं असं फार वाटायचं. हे आधीच सांगून टाकतो, कारण पुढं जे झालं ते या एका हावेपायी झालं.

शहरापासून मोटारीनं दीड तासावर एक बाजाराचं गाव आहे. त्याचं नाव लिहीत नाही, कारण या गोष्टीतल्या माणसांची नातवंडं आज तिथंच नांदतात. त्या गावच्या नगरपालिकेचे अध्यक्ष कुठल्याशा कामानं कोर्टात आले होते. मोठ्या जमिनीचे धनी, अंगात स्वच्छ कोट, बोलणं मोकळं. ते सरळ दार ढकलून आत आले आणि माझ्यासमोरच्या स्टुलावर बसले.

"मुतर्जिमसाहेब, आमच्या कचेरीत निजामाच्या टायमाची दप्तरं पडलीत. एकालाबी वाचता येत नाय. तुमी सुट्टीच्या दिवशी येत जा. आमी तुमाला सेक्रेटरी करतो."

मानधन थोडकंच होतं. मी त्याचा हिशोबही केला नाही. सेक्रेटरी हा शब्द मात्र कानात बसला.

कोर्टाच्या नोकरानं दुसरीकडं काम धरायचं तर लेखी परवानगी लागते, हे मला ठाऊक होतं. मी नाझरांकडं गेलो. नाझर म्हणजे आमच्या कचेरीचे कारभारी, रिटायर व्हायला आलेले, स्वभावानं गोड. ते म्हणाले, "सुट्टीच्या दिवशी तुम्ही काय करता हे कोण बघायला येतंय? अर्ज कराल तर वर जाईल, वर गेला की अडेल. कशाला उठाठेव?"

मला हेच ऐकायचं होतं. मी अर्ज केला नाही.

त्या गावातले रविवार अजून आठवतात. मोटारीतून उतरलो की हमाल सलाम करायचे. नगरपालिकेत माझ्यासाठी हाताची खुर्ची, टेबलावर नवी दौत, आणि जो तो "सेक्रेटरीसाहेब, सेक्रेटरीसाहेब" करत मागं. मी जुनी दप्तरं वाचली, याद्या केल्या, हद्दी लावून दिल्या. काम खरोखर चांगलं केलं. लोकांना पत्रं, नोटिसा पाठवायच्या त्यांचे मसुदेही मीच करू लागलो आणि खाली सही करू लागलो.

बायकोला हे पहिल्यापासून रुचलं नव्हतं. ती फार शिकलेली नव्हती, पण विचार सरळ करायची. एका रविवारी मी निघताना तिनं विचारलं, "अहो, तिथल्या कागदावर तुमची सही, कोर्टातल्या कागदावरही तुमचीच. उद्या त्या गावाचं भांडण कोर्टात आलं म्हणजे?"

"तसं काही येत नाही," मी म्हणालो आणि चपला घातल्या.

त्या गावाच्या उतारावर रंगारी लोकांची वस्ती होती. पिढ्यान् पिढ्या कापड रंगवणारी मुसलमान घरं. वस्तीपासून खाली एक दगडी बारव होती आणि तिथपर्यंत एक अरुंद वाट जायची. कापड धुवायला, रंग कालवायला सगळं पाणी तिथलं. नगरपालिकेला त्या वाटेच्या जागेवर दुकानांची रांग बांधायची होती. अध्यक्षांनी मला विचारलं, "ती वाट कोणाची, बघा बरं दप्तरात."

दप्तरात एका जुन्या तहसील हुकमाची नक्कल होती. मी वाचली. बारवेकडं जाणाऱ्या वाटेला तिच्यात 'रस्ता-ए-खाम' म्हटलं होतं. खाम म्हणजे कच्चा. कच्ची पायवाट म्हणजे वहिवाटीचा सार्वजनिक रस्ता नव्हे, असा अर्थ मी लावला आणि तशी नोटीस लिहून दिली : ही वाट रस्ता नाही, जागा नगरपालिकेची, वापर बंद करावा. खाली माझी सही. महिन्याभरात तिथं भिंत उभी राहिली. रंगारी बायका डोक्यावर ओल्या कापडाचे गठ्ठे घेऊन गावाला वळसा घालून बारवेकडं जाऊ लागल्या. मोटारीच्या खिडकीतून मी त्यांना दोनतीनदा पाहिलं. वाईट वाटलं, पण कागद तसं सांगतो म्हणून मन घट्ट केलं.

पावसाळा संपता संपता कोर्टात माझ्या टेबलावर एक पुडकं आलं. वादी, रंगारी वस्तीतली एक म्हातारी विधवा. प्रतिवादी, ती नगरपालिका. पुडक्यात दोन कागद. एक माझीच नोटीस, माझ्याच सहीची. दुसरा, भाषांतरासाठी आलेला, त्या तहसील हुकमाची अस्सल प्रत. म्हातारीच्या सासऱ्यानं ती पत्र्याच्या नळकांड्यात घालून जपली होती आणि तिनं ती तशीच आणून कोर्टात दिली होती.

मी अस्सल कागद उलगडला. नक्कल करणाऱ्यानं जिथं 'खाम' लिहिलं होतं, तिथलं अक्षर मला वेगळं दिसत होतं. उर्दूत घाईच्या लिखाणात 'खाम' आणि 'आम' यांत फरक फार थोडा राहतो. पहिल्या अक्षराचं वळण जरासं निराळं, आणि 'ख'वर एक टिंब, ज्याला आम्ही नुक्ता म्हणतो. आम म्हणजे सगळ्यांचा. रस्ता-ए-आम म्हणजे सार्वजनिक रस्ता. कागदावर टिंब दिसत होतं, पण खालचं वळण 'ख'चं वाटत नव्हतं.

पुढं बारकाईनं पाहायचा धीर मला झाला नाही. या कागदाला आता मी हात लावायचाच नव्हता. मी तो होता तसा पुडक्यात घातला.

अध्यक्षांना दाव्याची खबर होतीच. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी ते घरी आले, सीताफळांची पाटी घेऊन. बायकोनं चहा ठेवला. इकडचं तिकडचं झाल्यावर ते म्हणाले, "सेक्रेटरीसाहेब, तुमाला तरास नाय. तुमी नोटिशीत जे लिव्हलंय, तेच कोर्टात लिव्हायचं. खोटं काय करायचं नाय. जे एकदा लिव्हलं, तेच दुसऱ्यांदा."

"आणि पहिल्यांदा चुकलं असेल तर?"

ते हसले. "तुमी चुकत नाय, व्हय का नाय? सगळा गाव तुमाला मानतो. औंदा तुमाला कायमचं घ्यायचा ठराव करतोय आमी. कोर्टात त्या दाराआड कुठवर बसता?"

त्यांनी मला धमकावलं नाही, लाच दिली नाही. उलट माझं दुखणं बरोबर ओळखून त्यावर फुंकर घातली. ते गेल्यावर बायकोनं पाटी उचलून ओसरीच्या कडेला ठेवली.

"ही परत पाठवायची," ती म्हणाली. मग माझ्याकडं बघून, "आणि तुमचं काय?"

"मी न्यायाधीशांना सांगितलं तर नोकरी जाऊ शकते."

"आणि नाही सांगितलं तर?"

ती आत गेली, माझा टाक आणि कोरा कागद घेऊन आली आणि समोर ठेवला. मी दोन अर्ज लिहिले. एक नगरपालिकेच्या कामाचा राजीनामा, तो रात्रीच टपालपेटीत टाकला. दुसरा न्यायाधीशांना, सगळं सांगणारा.

सकाळी कोर्ट सुरू व्हायच्या आधी न्यायाधीशांच्या दालनात गेलो. ते माझ्याहून वयानं लहान, पुण्याकडचे, शिस्तीचे. त्यांनी अर्ज वाचला. पुन्हा वाचला.

"परवानगी होती?"

"नाही साहेब."

"मागितली होती?"

"नाही."

"का?"

"नाही म्हणाले असते म्हणून."

त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. "म्हणजे हे चूक आहे, हे तुम्हाला पहिल्या दिवशीच माहीत होतं."

"होय साहेब."

"ज्या नगरपालिकेची नोटीस तुम्ही लिहिली, तिच्याविरुद्धचा पुरावा तुम्हीच कोर्टाला वाचून दाखवणार होता. त्या बाईला हे कळलंही नसतं." ते रागावून ओरडले असते तर मला सोपं गेलं असतं. त्यांनी शांतपणे सांगितलं, "तुमच्यावर जी कारवाई व्हायची ती होईल. पण हे माझ्या दालनात सांगून भागणार नाही. आज दावा बोर्डावर आहे. उघड्या कोर्टात, दोन्ही पक्षांसमोर सांगा."

पुकारा झाला. म्हातारी आली. लहानखुरी, वाकलेली, दोन्ही हात मनगटापर्यंत निळसर झालेले. तिचा वकील तरणाबांड. प्रतिवादींच्या बाकावर अध्यक्ष. साहेबांनी मला पुढं बोलावलं आणि मी सांगितलं. नगरपालिकेत मी सेक्रेटरी होतो, परवानगी काढली नव्हती, वाट बंद करायची नोटीस माझी, राजीनामा काल दिला, आणि या कागदाचं भाषांतर मी करणं योग्य नाही. इतक्या वर्षांत त्या खोलीत मी पहिल्यांदाच मोठ्यानं बोललो होतो. मागच्या बाकांवर कुजबुज उठली. अध्यक्ष छताकडं बघत बसले.

म्हातारीचा वकील उसळून उभा राहिला. "साहेब, या मुतर्जिमानं आमच्या कागदाला हात लावू नये. दुसरा माणूस नेमा." त्याचं म्हणणं अगदी रास्त होतं.

तेवढ्यात म्हातारीनं त्याच्या काळ्या कोटाची बाही ओढली. दखनीत, सगळ्यांना ऐकू जाईल अशी बोलली, "वकीलसाब, जरा ठैरो. इनो अपनी गलती आपच बोल दिये. किसीने पूछा था क्या? अब इनोच पढना. मेरेकू दूसरा नक्को."

वकील तिला समजावू लागला. ती हलेना. "दूसरा आयेगा, उसका मेरेकू क्या मालूम? इनका तो मालूम हुआ."

न्यायाधीशांना दखनी नीट कळली नाही. त्यांनी माझ्याकडं बघितलं आणि मग त्यांच्या ध्यानात आलं, की हे भाषांतरही माझ्याकडून घेणं बरं दिसणार नाही. नाझर पुढं झाले आणि त्यांनी मराठीत सांगितलं. साहेबांनी नगरपालिकेच्या वकिलाला विचारलं, "तुमची हरकत?" तो काय हरकत घेणार? कालपरवापर्यंत मी त्यांचाच सेक्रेटरी होतो.

साहेबांनी अट घातली. कागद उघड्या कोर्टात वाचायचा, एकेका अक्षराचं कारण सांगायचं, आणि शेजारी उर्दू जाणणारा दुसरा माणूस उभा राहील. दुपारनंतर शहरातल्या शाळेतले एक निवृत्त उर्दू शिक्षक आणले. पांढरी दाढी, जाड भिंगांचा चष्मा. साक्षीदाराच्या पिंजऱ्याजवळ टेबल मांडलं, त्यावर काळं रेक्झिन, आणि त्यावर तो पिवळा पडलेला कागद.

मी पहिल्या ओळीपासून वाचायला लागलो. त्या शब्दापाशी आलो आणि थांबलो.

"इथं दोन वाचनं होऊ शकतात," मी म्हणालो. "टिंब धरलं तर खाम, कच्चा रस्ता. टिंब नसेल तर आम, सगळ्यांचा रस्ता. माझ्या नोटिशीत मी खाम धरलं. पण मी नक्कल बघून धरलं. हा अस्सल कागद मी मागितला नव्हता."

"आता काय म्हणता?" साहेबांनी विचारलं.

"आधी या लिहिणाऱ्याचा 'ख' बघू."

सबंध हुकमात 'ख' शोधत गेलो. खरीफ, खास, तारीख. प्रत्येक 'ख' मी बोटाखाली धरला आणि शिक्षकांनी मान डोलावली. त्या कारकुनाचा बोरू चपट्या टोकाचा होता. त्याचं टिंब दरवेळी तिरपं, चौकोनी, लहानशा शंकरपाळ्यासारखं उमटलेलं. या एका शब्दावरचं टिंब तेवढं गोल होतं. आणि खालचं वळण त्याच्या दुसऱ्या कुठल्याही 'ख'शी जुळत नव्हतं.

"बोरूला शाई जास्त झाली की टिंब गोल पडतं," नगरपालिकेचा वकील म्हणाला. "घाईतही तसं पडेल. यावरून काय ठरतं?"

तो चुकीचं बोलत नव्हता. मी भिंग घेऊन वाकलो. टिंब गडद काळं होतं, पण बाकीची शाई तर काळानं तपकिरी झालेली. याचीच कशी काळी राहिली? मी कागद दोन्ही हातांनी हलकेच उचलला, टेबलापासून वेगळा केला आणि पश्चिमेच्या खिडकीसमोर धरला.

त्या टिंबातून ऊन आलं.

ते टिंब नव्हतंच. कसरीनं पाडलेलं भोक होतं. खालचं काळं रेक्झिन त्यातून दिसत होतं म्हणून ते टिंब वाटत होतं. कधीकाळी हा कागद नकलेसाठी कचेरीत गेला तेव्हा नक्कल करणाऱ्यालाही असंच वाटलं असणार, आणि त्यानं शाईनं टिंब काढून ठेवलं. शिक्षक माझ्या खांद्यावरून वाकले, चष्मा कपाळावर सरकवला आणि शाळेत म्हणावं तसं खणखणीत म्हणाले, "आम! रस्ता-ए-आम!"

न्यायाधीश खुर्चीवरून उठून खिडकीपाशी आले. त्यांनी स्वतः कागद धरून पाहिला. दोन्ही वकील, नाझर, पट्टेवाला, सगळे त्या खिडकीपाशी गोळा झाले. म्हातारीला काही दिसत नव्हतं, ती मागून विचारत होती, "क्या हुआ? क्या निकला?" मी तिच्याकडं वळून म्हणालो, "अम्मा, रास्ता सबका है."

मग साहेब जागेवर बसले आणि त्यांनी विचारायचा तो प्रश्न विचारला. "म्हणजे तुमची नोटीस चुकीची होती?"

"होय साहेब. चुकीची होती. चूक माझी."

हे वाक्य मी कितीतरी वेळा मनात घोळवलं होतं. त्या दिवशी ते सरळ बाहेर पडलं आणि मला इतकं हलकं वाटलं की हसू आवरावं लागलं. पिंजऱ्याचा कठडा धरून मी उभा होतो. त्या खोलीतला एकूण एक माणूस मला बघत होता आणि मला कुठंही लपावंसं वाटत नव्हतं.

निकाल म्हातारीच्या बाजूनं लागला. भिंत पाडून वाट मोकळी करायचा हुकूम झाला. माझ्या सेवापुस्तकात लेखी ताकीद चढली, ती शेवटपर्यंत राहिली आणि तिच्यापायी माझी बढती मागं पडली. त्याबद्दल मी कधी तक्रार केली नाही. त्याच आठवड्यात कचेरीत परिपत्रक निघालं. कुणी पंचायतीत, नगरपालिकेत, कुठंही दुसरं काम धरलं असेल तर पंधरा दिवसांत लेखी कळवावं. तेव्हा एकेक बाहेर आलं. एक बेलीफ स्वतःच्या गावात पंच होता आणि त्याच गावात समन्स बजावायलाही जायचा. एक कारकून दुसऱ्या पंचायतीचं दप्तर लिहायचा. काही दिवस हे लोक माझ्याशी बोलेनात. "स्वतः बुडाला आणि आम्हाला घेऊन बुडाला," असं बेलीफ माझ्या तोंडावर म्हणाला. पुढं त्यानं पंचाचं पद सोडलं. वर्षभरानं एकदा चहा पिताना आपणहून म्हणाला, "आता गावात समन्स घेऊन गेलो की कुणी दार लावून घेत नाही. आधी अर्धा गाव मला विरोधातला समजायचा."

भिंत पडायची होती त्या दिवशी मी रजा टाकली आणि बायकोला घेऊन मोटारीनं गेलो. अध्यक्ष तिथं उभे होते. माझ्याकडं बघितलं आणि मजुरांना म्हणाले, "नीट पाडा. दगड वाटंत ठिवू नका, बायांच्या पायाला लागतील." दुकानांची रांग त्यांनी नंतर बाजारतळाकडं बांधली.

पहिला घण पडला, माती उडाली. दुपारपर्यंत वाट खालपर्यंत दिसायला लागली, आणि तिच्या शेवटी बारवेचं पाणी. म्हातारीनं आम्हाला आपल्या अंगणात नेलं. नव्या रंगाचं एक लुगडं बायकोपुढं धरलं. बायकोनं माझ्याकडं पाहिलं आणि हात जोडले. "अम्मा, हे घेता येत नाही आम्हाला. पण माझं हे रंगवून द्या, जी मजुरी सगळे देतात ती मी देईन." तिनं पिशवीतून स्वतःचं विटलेलं लुगडं काढलं. घरून निघताना ते बरोबर घेतल्याचं तिनं मला सांगितलंही नव्हतं.

म्हातारी खळखळून हसली. "हौ, समझी. कौनसा रंग होना?"

"लाल," बायको म्हणाली. "चांगला भडक."

रांजणात रंग कालवला, कापड बुडवलं, काठीनं ढवळलं. मग ते पिळून एक टोक म्हातारीनं धरलं आणि दुसरं बायकोनं, आणि दोघी ते लांबच लांब लाल कापड मधोमध झोळीसारखं धरून, नुकत्या मोकळ्या झालेल्या वाटेनं, सगळ्या वस्तीच्या बायका मागं घेऊन, धुवायला खाली बारवेकडं निघाल्या.